मटकीच्या डब्यात लिंबाची फोड

अगं डब्यात मटकीची उसळ देतेस ना, मग सोबत लिंबाची फोड पण टाकत जा, कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं आणि ते उकळून बरंच कमी होतं म्हणून लिंबू शिजवताना नाही, खायच्या वेळीच पिळायचं. फोड छोट्या डबीत वेगळी दे, नाहीतर पोळ्या ओल्या होतात आणि डबा तसाच परत (माझ्याकडचं गिऱ्हाईक फार नखरेल आहे). मटकी रात्रभर भिजवून निथळायची, फडक्यात घट्ट बांधायची, थंडीत मोड उशिरा येतात तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून उबेला ठेव. चिकट होऊन वास आला तर सरळ फेक. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, तासभर तरी जाऊ दे, चहाने लोह नीट शोषलं जात नाही.