दोन फटींचा प्रयोग समजावताना या चुका टाळा

क्वांटम भौतिकी सर्वसामान्यांना सांगताना बहुतेक जण दोन फटींच्या प्रयोगापासून सुरुवात करतात. त्यात प्रकाश किंवा इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींतून सोडतात आणि पलीकडच्या पडद्यावर उजळ-काळे पट्टे उमटतात. निवड चांगलीच आहे. घोळ होतो तो सांगण्यात.

लेझर पॉइंटरने पट्टे दाखवून 'हेच क्वांटम' म्हणू नका. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर, ०.२५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन फटी आणि २ मीटरवर भिंत असेल, तर साधारण ५ मिलिमीटरवर एकेक पट्टा येतो. फटींमधले अंतर १ मिलिमीटर झाले, की पट्टे १.३ मिलिमीटरवर येतात आणि गिचमिड होते. शिवाय झोत दोन्ही फटींवर नीट पडत नाही. पण पट्टे कितीही सुरेख आले, तरी त्यातून प्रकाश तरंगासारखा वागतो एवढेच कळते. १ मिलिवॅटच्या पॉइंटरमधून सेकंदाला ३ वर १५ शून्ये इतके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात. त्या गर्दीत एकट्याचे वागणे दिसणार कसे?

म्हणून हिताची या जपानी कंपनीत भौतिकशास्त्रज्ञ तोनोमुरांनी केलेला १९८९चा प्रयोग सांगा. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, पडद्यावर एकेक ठिपका उमटला. सुरुवातीचे ठिपके कुठेही पडल्यासारखे. हजारो जमल्यावर पट्टे उभे राहिले. (तिथे खरे तर फटी नव्हत्या, विद्युतभारित बारीक तार होती आणि इलेक्ट्रॉनला तिच्या दोन बाजूंनी वाट होती. दोन वाटा मिळाल्या, की काम भागते.)

'इलेक्ट्रॉनचे दोन तुकडे होतात' हेही चूक. अर्धा ठिपका कधीच मिळत नाही. त्यापेक्षा सरळ हिशेब मांडा. पडद्यावरच्या एखाद्या जागी पोहोचणाऱ्या प्रत्येक वाटेला एक आकडा द्या, त्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे तिथे ठिपका पडण्याची शक्यता. दोन्ही वाटांचे आकडे १ आणि १ असतील, तर बेरीज २, वर्ग ४. १ आणि उणे १ असतील, तर शून्य. आधी वर्ग करून मग बेरीज केली, तर सगळीकडे २ येतात आणि पट्टे गायब! सगळी विचित्रता या क्रमात आहे. श्रोते गणिताला घाबरतात म्हणून हा भाग गाळला, तर उरते ती नुसती जादू.

सर्वांत चिवट चूक म्हणजे 'कण कुठून गेला ते कोणी पाहिले की पट्टे जातात'. यातूनच मनःशक्तीच्या गप्पा सुरू होतात. व्हिएन्ना विद्यापीठात ७० कार्बन अणूंचे रेणू लेझरने तापवून व्यतिकरणासाठी, म्हणजे असेच पट्टे मिळवण्यासाठी, सोडले गेले. निकाल २००४मध्ये प्रसिद्ध झाला. तापलेले रेणू वाटेतच फोटॉन फेकतात आणि त्यांत कुठून गेल्याची खूण राहते. ते फोटॉन कोणी टिपले नाहीत, तरीही पट्टे फिके पडले. 'पाहिले' ऐवजी 'वाटेची खूण राहिली' म्हणा. खूण पुसट असेल, तर पट्टेही पूर्ण जात नाहीत, फक्त तेवढेच फिकटतात.