फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी ड्रॅग रेसला नेताय? शॉकअपचे नॉब फिरवायच्या आधी हे वाचा

ॲडजस्टेबल शॉकअप पहिल्यांदा बसवले तेव्हा मला वाटलं की आता चारही फुल हार्ड करायचे आणि गाडी चिकटून सुटणार. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांवाले सांगायचे पुढचे सैल सोड, नाक उचलू दे, पण आपलं इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणजे त्यांचं गणित आपल्याला उलटं लागणार एवढं कळत होतं. उलटं म्हणजे नेमकं किती, हे कळायला मात्र अख्खा एक सीझन गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मूळ दुखणं समजून घ्या. समजा गाडी 1100 किलोची आहे, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 2.6 मीटर, आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. लाँचला, म्हणजे सुटताना, 0.6 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.6 पट प्रवेग) मिळाला तर साधारण 127 किलो वजन पुढच्या चाकांवरून मागच्यावर जातं. उभ्या गाडीत पुढे 680 किलो असेल तर सुटताना 550 च्या आसपास उरतं, आणि हे नेमकं त्याच क्षणी जेव्हा त्या चाकांना सगळ्यात जास्त ग्रिप लागते.

आता महत्त्वाचं, हे वजन शॉकअप अडवू शकत नाही. किती वजन मागे जाणार ते व्हीलबेस, उंची आणि तुम्ही किती जोरात सुटता यावर ठरतं, नाक वर येवो न येवो. शॉकअपच्या हातात फक्त एवढंच की बॉडी किती वेगाने हलणार आणि त्या अर्ध्यापाऊण सेकंदात टायर रस्त्यावर एकसारखा दाबलेला राहणार की हलका-जड, हलका-जड होत राहणार. मी नेमकं हेच विसरलो होतो आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

शॉकअपची दोन कामं असतात, दबताना अडवणं म्हणजे बंप आणि उघडताना अडवणं म्हणजे रीबाउंड. आपल्या गाडीत सुटताना पुढचा उघडतो, मागचा दबतो. म्हणून ढोबळ नियम असा की पुढचा रीबाउंड हार्ड आणि मागचा बंप हार्ड. नियम बरोबरच आहे, पण मी पुढचा रीबाउंड पार शेवटपर्यंत हार्ड केला आणि गाडी लाँचला अशी धडधडायला लागली की डॅशबोर्ड हातात येतोय की काय असं वाटलं, पुढची चाकं अक्षरशः उड्या मारत होती. मी आठवडाभर गिअरबॉक्सवर संशय घेतला. कारण वेगळंच होतं. रीबाउंड अति हार्ड असला की बॉडी वर जाताना शॉकअप चाकालाही सोबत वर ओढतो, आणि रस्त्यात जरा खोलगट भाग आला की चाक खाली पडायला उशीर लावतो, तेवढ्या वेळात टायर हलका होतो, सुटतो, परत पकडतो, परत सुटतो. शेवटी पुढचा रीबाउंड चार क्लिक (नॉबचे टप्पे) सैल केला आणि उड्या जवळजवळ थांबल्या. त्याच दिवशी साठ फुटांचा टाइम, म्हणजे पहिले साठ फूट कापायला लागलेला वेळ, 2.31 सेकंदांवरून 2.18 वर आला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

पुढचा बंप त्यामानाने मऊ ठेवा. रीबाउंड हार्ड आणि बंप मऊ असला की प्रत्येक बारीक उंचवट्यावर नाक थोडं थोडं खाली बसत जातं, आपल्याला तेच हवंय. पण अगदी मऊही नको, कारण गिअर बदलताना क्लच दाबला की नाक खाली आपटतं, सेकंड लागला की परत वर येतं आणि तिथे चाकं फिरतात. पहिल्या गिअरमध्ये नीट आणि सेकंडला स्पिन असं होत असेल तर आधी पुढचा बंप दोन क्लिक हार्ड करून बघा.

मागे याच्या बरोबर उलट, बंप हार्ड, रीबाउंड मध्यम किंवा त्याहून थोडा मऊ, म्हणजे मागचा भाग बसत नाही आणि बसलाच तर लगेच वर येतो. मोठ्या पॉवरच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह ड्रॅग गाड्यांना मागे जे व्हीली बार (जमिनीलगतचे चाकं लावलेले दांडे) दिसतात ते नाक हवेत जाऊ नये म्हणून नसतात, मागचा भाग बसू नये म्हणून असतात. मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली होती. फक्त एक गोष्ट मनावर घ्या, असं सेटिंग शेवटच्या ब्रेकिंगला मागून हलकं पडतं, तेव्हा ब्रेक सरळ रेषेत आणि हळूहळू लावा, आणि घरी जाताना सेटिंग परत मऊ केल्याशिवाय रस्त्यावर गाडी काढू नका.

ज्यांचे शॉकअप एकाच नॉबचे आहेत त्यांनी आधी तो नॉब काय बदलतो ते कंपनीच्या माहितीत बघा. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये तो रीबाउंड बदलतो, बऱ्याच कॉइलओव्हरमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला सेट) बंप आणि रीबाउंड दोन्ही एकदम बदलतात. मागे नॉब फक्त रीबाउंडचा असेल तर तो फुल हार्ड करून काहीच हाती लागत नाही, तिथे जास्त कडक स्प्रिंगच लागते.

आणि हे सगळं करायच्या आधी टायरची हवा, इंजिन माउंट, कंट्रोल आर्मचे बुश (सांध्यातले रबर) बघा. बुश गेलेले असतील तर कुठलाही क्लिक त्या उड्या थांबवणार नाही, आधी कळस मग पाया असं होईल. साधं ओपन डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग) असेल तर एकच चाक फिरत राहणार, तेही शॉकअपने सुटत नाही. जोर लागला की पुढची चाकं आतल्या बाजूला ओढली जातात, म्हणून उभ्या गाडीत टो (चाकांचं तोंड आत की बाहेर वळलंय ते) शून्य किंवा अगदी किंचित बाहेर ठेवतात. बॅटरी मागे हलवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

आता पद्धत. क्लिक नेहमी फुल हार्डपासून मोजा, नॉब हलक्या हाताने बंद करा, जोर लावू नका, आणि मग किती उघडले ते लिहा. डावा उजवा सारखा ठेवा. मागच्या शॉकअपच्या दांड्याला एक झिप टाय बांधा, रननंतर तो जिथे सरकलेला दिसेल तिथवर शॉकअप दबला होता. पुढचं नाक किती उचललं त्यासाठी मित्राला बाजूला सुरक्षित जागी उभं करून स्लो मोशन व्हिडिओ घ्यायला लावा, फेंडरवर टेपची एक पट्टी लावली की फरक लगेच दिसतो. एका वेळी एकच टोक, दोनच क्लिक, आणि प्रत्येक बदलाला किमान दोन रन. मी एकदा चारही कोपरे एकदम बदलले, टाइम सुधारला, आणि कशामुळे सुधारला ते आजपर्यंत कळलं नाही.

बघायचा आकडा साठ फुटांचा, क्वार्टर माइलचा (सुमारे 400 मीटरच्या पूर्ण रनचा) नाही, कारण क्वार्टरमध्ये गिअर, इंजिनची गरमी, वारा सगळं मिसळतं. जुना ठोकताळा असा की साठ फुटांत वाचलेला वेळ शेवटपर्यंत दीडपट ते दुप्पट होतो. रिॲक्शन टाइम (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ) यात येत नाही, घड्याळ गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशाच्या बीममधून निघाल्यावर सुरू होतं, पण स्टेज करताना, म्हणजे गाडी त्या रेषेवर उभी करताना, तुम्ही किती पुढे सरकून थांबता त्याने साठ फूट बदलतो, म्हणून टेस्टिंगच्या दिवशी दर वेळी स्टेजचा दिवा लागल्या लागल्या तिथेच थांबा. वहीत वेळ आणि ट्रॅक गरम होता की थंड तेही लिहा, कारण सकाळी जमलेलं सेटिंग दुपारी चाकं फिरवतं आणि तेव्हा आधी टायरची हवा बघायची, क्लिक नंतर.

सुरुवात कुठून करायची असं विचारलंत तर पुढचा रीबाउंड पाऊण हार्ड, पुढचा बंप मधोमध, मागचा बंप हार्डच्या जवळ, मागचा रीबाउंड मध्याच्या किंचित खाली. पहिले तीन रन काहीही न बदलता मारा, मगच वही उघडा.