वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी कॅफिन सोडताना या चुका टाळा

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रुग्णाच्या हाती सूचनांचा लांबलचक कागद पडतो. धूम्रपान बंद, फसफसणारी पेये बंद, यकृताचा आकार कमी करणारा आहार सुरू, काही गोळ्या थांबवायच्या, काही चालू ठेवायच्या. आणि या गर्दीत कुठेतरी ‘चहा-कॉफी बंद करा’ अशी एक ओळ असते. बाकीच्या सूचनांपुढे ती किरकोळ वाटते, त्यामुळे ती सर्वांत शेवटी हाती घेतली जाते. कॅफिन सोडताना जो त्रास होतो, त्यातला बराचसा या चुकलेल्या क्रमामुळे होतो.

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणे

कॅफिनची सवय असलेल्या माणसाने ते थांबवले की साधारण 12 ते 24 तासांत त्रास सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. डोके ठणकणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चिडचिड, कामात लक्ष न लागणे, मळमळ, अंग दुखणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या 2013 मधील आवृत्तीत या अवस्थेला स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळाले आहे, तेव्हा ‘मनाचे खेळ’ म्हणून ती उडवून लावण्यात अर्थ नाही.

एरवी हे काही दिवस सोसून काढता येतात. मात्र बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या सुमारे दोन आठवडे आधी अतिशय कमी उष्मांकाचा, कर्बोदके घटवलेला आहार सुरू होतो. त्यामुळे यकृतातील साखरेचा आणि चरबीचा साठा कमी होऊन ते आकसते आणि शल्यविशारदाला त्याखाली दडलेल्या जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते. या आहाराच्या पहिल्या काही दिवसांत डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड होतच असते. कॅफिनही त्याच आठवड्यात सोडले, तर कुठला त्रास कशाचा हे रुग्णाला कळत नाही आणि डॉक्टरांनाही सांगता येत नाही. अशा वेळी बरेच जण भुकेला दोष देऊन आहार मोडतात, आणि शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तेच सर्वांत महागात पडते. म्हणून आहार सुरू होण्याआधीच कॅफिनचा विषय संपवावा आणि त्यासाठी तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत.

किती आधी बंद करायचे याबाबत सर्व रुग्णालयांचा नियम एकच नसतो. काही पथके महिनाभर आधी पूर्ण बंद करायला सांगतात, काही केवळ प्रमाण घटवायला सांगतात. इतर रुग्णांचे वेळापत्रक उचलण्यापेक्षा पहिल्याच भेटीत आपल्या आहारतज्ज्ञाला नेमकी तारीख विचारून ती लिहून घ्यावी.

एका दिवसात तोडून टाकणे

मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोप येऊ लागते. कॅफिन या द्रव्याच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील ज्या ठिकाणी ते चिकटून काम करते तिथे, जाऊन बसते आणि ॲडेनोसिनला तिथे जागा मिळू देत नाही. रोज कॅफिन मिळत राहिले की शरीर ग्राहींची संख्या वाढवून जुळवून घेते. मग एके दिवशी कॅफिन अचानक थांबले की मोकळ्या झालेल्या त्या सगळ्या ग्राहींवर ॲडेनोसिन एकदम काम करू लागते, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकू लागते. हा त्रास होण्यासाठी फार मोठे प्रमाण लागते असेही नाही. रोजच्या 100 मिलिग्रॅमची सवय सुटतानाही तो होऊ शकतो.

उतरत्या क्रमाने सोडणाऱ्याला हा धक्का जवळजवळ जाणवत नाही. रोजच्या प्रमाणातून साधारण पाव हिस्सा कमी करावा, चार-पाच दिवस तिथेच थांबावे, त्रास नसेल तर पुढचा पाव हिस्सा कमी करावा. कॉफी पिणाऱ्यांसाठी सोपी रीत म्हणजे डब्यातच नेहमीची आणि कॅफिनविरहित पूड मिसळून ठेवणे: आधी तीन चमच्यांना एक, मग दोनास दोन, मग एकास तीन. कप तोच, वेळ तीच, चवही जवळपास तीच राहते, त्यामुळे मनाची कुरकुर कमी होते. चहाच्या बाबतीत पूड कमी टाकावी आणि उकळण्याचा वेळही कमी करावा. निम्मी पूड दुप्पट वेळ उकळली तर हाती फारसे काही लागत नाही. दिवसातला शेवटचा कप आधी सोडावा आणि सकाळचा सर्वांत शेवटी. कॅफिनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे दुपारी चारच्या कपातले निम्मे कॅफिन रात्री नऊलाही शरीरात असते. तो कप गेला की झोप सुधारते आणि पुढची पायरी सोपी होते.

कप मोजणे, कॅफिन न मोजणे

‘मी फक्त दोन कप घेतो’ या वाक्यातून फारसे काही कळत नाही, कारण कप म्हणजे काही ठरलेले माप नव्हे. साधारण 240 मिलिलिटर कॉफीत सुमारे 95 मिलिग्रॅम, तेवढ्याच काळ्या चहात त्याच्या निम्मे, तर 355 मिलिलिटर कोलात 35 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असते. मोठा मग वापरणाऱ्याचे ‘दोन कप’ प्रत्यक्षात चारच्या घरात जातात. आपला नेहमीचा मग एकदा मापाने पाणी ओतून मोजून पाहावा. ग्रीन टी, गडद चॉकलेट, एनर्जी ड्रिंक, व्यायामाआधी घ्यायच्या पुड्या आणि ग्वाराना (कॅफिन असलेली एक वनस्पती) घातलेली पेये यांतही कॅफिन असते. चरबी जाळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत तर ते अनेकदा भरपूर असते. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाच्या घरातच या गोळ्या सापडण्याची शक्यता अधिक, हा यातला विरोधाभास आहे. कॅफिनविरहित कॉफीतही थोडे कॅफिन उरते. ते कपामागे काही मिलिग्रॅमच असल्याने उतरत्या क्रमात चालते, परंतु ती कॉफी आम्लता वाढवू शकते, त्यामुळे जळजळ होणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये.

डोकेदुखीवर हाताला येईल ती गोळी घेणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत वेदनाशामकासोबत कॅफिन घातलेले असते. गोळीने लगेच बरे वाटते, कारण सोडलेली वस्तूच आपण पुन्हा घेतलेली असते, आणि सगळी मोजणी पहिल्यापासून सुरू होते. दुसरी अडचण ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांची. ॲस्पिरिनमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून शस्त्रक्रियेआधी ती घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. आणि ज्यांना हृदयासाठी ती लिहून दिली आहे त्यांनी ती परस्पर बंदही करू नये. जठराच्या बायपासनंतर (वजन घटवण्याची ही शस्त्रक्रिया जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडते) तर या गटातील गोळ्यांमुळे जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असल्याने त्या सहसा कायमच्या टाळायला सांगतात. म्हणून गोळीच्या पाकिटावरील घटक वाचावेत, कॅफिन नसलेले साधे पॅरासिटामॉल आपल्याला चालेल का आणि किती, हे आधीच विचारून ठेवावे, आणि गोळी घ्यावी लागण्याइतका त्रास होत असेल तर एक पायरी मागे जाऊन दोन-तीन दिवस जास्त थांबावे.

अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, ताप, मान आखडणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायांतली शक्ती जाणे यांचा कॅफिनशी संबंध जोडत बसू नये. तिथे लगेच वैद्यकीय मदतच हवी.

सिगारेट आणि औषधांचा हिशेब न धरणे

ही बाब सूचनांच्या कागदावर क्वचितच सापडते. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते आणि तेच विकर कॅफिनचा निचरा करते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर निघून जाते. शस्त्रक्रियेसाठी सिगारेट सोडली की हा वेग उतरतो, आणि पूर्वीइतक्याच कॉफीने रक्तातील कॅफिन वाढू लागते. मग छातीत धडधड, हात थरथरणे, रात्र रात्र झोप न लागणे हे सगळे ‘सिगारेट सोडल्याचा त्रास’ म्हणून खपून जाते आणि माणूस पुन्हा सिगारेटकडे वळतो. दोन्ही सोडायचे असेल तर सिगारेट सोडण्याच्या दिवसापर्यंत कॅफिन निम्म्यावर आणलेले असावे.

मनोविकारांवरील दोन औषधांबाबत विशेष दक्षता हवी. लिथियम घेणाऱ्याने कॅफिन थांबवले की लिथियम शरीरातून कमी बाहेर पडते आणि त्याची पातळी वाढू शकते. क्लोझापिनच्या बाबतीत उलट होऊन पातळी घसरू शकते. ही औषधे चालू असतील तर कॅफिन घटवण्यापूर्वी ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवणे आवश्यक आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात कॅफिन अधिक काळ टिकते. त्यांनी संध्याकाळचा कप सर्वांत आधी सोडावा.

सुस्तीला केवळ कॅफिन कारणीभूत धरणे

दहा-बारा दिवस उलटूनही दिवसा डोळे मिटत असतील तर कारण दुसरीकडे शोधावे. लठ्ठपणासोबत झोपेत श्वास अडण्याचा विकार पुष्कळदा असतो, आणि त्यामुळे दिवसा येणारी पेंग वर्षानुवर्षे कॉफीने दाबून ठेवलेली असल्याने तो लक्षातच आलेला नसतो. घोरणे, मध्येच गुदमरून जाग येणे, सकाळी डोके जड असणे ही लक्षणे असतील तर ती भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेपूर्वीच कळली पाहिजेत, कारण भूल आणि त्यानंतरची वेदनाशामके देताना त्यांना त्यानुसार काळजी घ्यावी लागते.

आणखी एक तक्रार लोक संकोचाने सांगतात, ती पोट साफ न होण्याची. कॉफीने मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि कॉफी व तंतुमय अन्न एकाच वेळी कमी झाले की बद्धकोष्ठता होतेच. सकाळचे कोमट पाणी, चालणे आणि आहारतज्ज्ञाने परवानगी दिलेले तंतुमय पूरक यांनी बहुधा भागते.

कारण न समजता नियम पाळणे

कॅफिनने शरीरातले पाणी आटते, हे कारण सगळीकडे ऐकू येते. सवय असलेल्या माणसात हा परिणाम प्रत्यक्षात सौम्य असतो. खरी अडचण जागेची आहे. स्लीव्ह म्हणजे जठर नळीसारखे अरुंद करण्याच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढला जातो आणि बायपासनंतरची पिशवी साधारण 30 मिलिलिटरची असते. सुरुवातीच्या आठवड्यांत घोटघोट पीत दिवसाला दीड लिटर द्रव पोटात घालणे हेच मोठे काम असते, आणि त्यातली जागा कॉफीने अडवली की पाणी आणि प्रथिने मागे पडतात. शिवाय कॉफीने जठरात आम्ल वाढते, काहींना घशाशी येते, आणि चहा-कॉफीतील द्रव्ये लोहाचे शोषण घटवतात. पुढे डॉक्टरांनी चहाला परवानगी दिली तरी लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवावे लागते ते यामुळेच. व्रणांच्या बाबतीत मात्र धूम्रपान, वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू ही ठळक कारणे आहेत, त्यामुळे कॉफी सोडून सिगारेट चालू ठेवणे हा उफराटा सौदा आहे.

चुकून घेतलेला कप लपवणे

मधल्या काळात एखादा कप झाला तर पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नसते. दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवरून पुढे जावे. शस्त्रक्रियेच्या सकाळची गोष्ट मात्र निराळी आहे. भुलेच्या सर्वसाधारण नियमांत पाणी, काळा चहा यांसारखी दुधाशिवायची पारदर्शक पेये दोन तास आधीपर्यंत चालू शकतात, पण दूध अन्नात धरले जाते आणि त्यासाठी सहा तासांचे अंतर लागते. लठ्ठपणाच्या रुग्णांसाठी पथक याहून कडक वेळ सांगू शकते आणि तीच पाळायची असते. दूध घातलेल्या चहाचे चार घोट झाले असतील तर भूलतज्ज्ञाला ते वेळेसह सांगावे. फार तर शस्त्रक्रिया काही तास किंवा एखादा दिवस पुढे जाईल, परंतु न सांगता भूल घेतली तर जठरातले द्रव फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो. कॅफिन नुकतेच सोडले असेल तर तेही त्याच वेळी सांगून ठेवावे, म्हणजे शुद्धीवर आल्यानंतर डोके दुखू लागले तर त्यांना कारण शोधत बसावे लागणार नाही.