पिस्तूल अडकलं तर पुंगळी बघा

बालेवाडीच्या रेंजवर माझं .२२ पिस्तूल सारखं अडकायचं. तेव्हापासून नव्या मुलींना सांगते, आधी नळी लक्ष्याकडेच ठेवा, बोट चापाबाहेर. बार उडालाच नाही तर ३० सेकंद थांबा, तो उशिरा उडू शकतो. मग मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी तपासा.

रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, चेंबरमध्येच राहिली? कारण एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा हूक, किंवा साचलेली काजळी. बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली? बहुधा स्लाइड पूर्ण मागे गेलेली नसते. गोळी कमजोर किंवा मनगट सैल. नवी गोळीच चेंबरमध्ये न जाता नाक खुपसून बसली, तर मॅगझिनवर संशय घ्या. मी मॅगझिनवर आकडे टाकले. दरवेळी २ नंबरचंच निघालं. त्याचे ओठ, म्हणजे गोळी धरणाऱ्या वरच्या कडा, वाकले होते. पकडीने सरळ करत बसले नाही, बदललं.

आवाज दबका आला तर मात्र पुढची गोळी झाडूच नका. नळीत शिसं अडकलेलं असू शकतं.