आलेख अक्षांना कुठे छेदतो? या चुका टाळा

य = २क्ष² − ५क्ष − ३ हे उदाहरण घ्या. अक्ष² + बक्ष + क = ० ची मुळं, म्हणजे ते खरं करणाऱ्या क्षच्या किमती, काढायचं सूत्र क्ष = (−ब ± √(ब² − ४अक))/(२अ) बहुतेकांना पाठ असतं, तरी उत्तर चुकतं, आणि चुकतं ते बहुधा चिन्हापाशी.

य-अक्षावर क्ष शून्य असतो, म्हणून छेदबिंदू (०, −३). आकडेमोड नाहीच. घाईत उलटं होतं: य-अक्ष म्हटलं की मुलं य = ० ठेवतात.

खरी गंमत क्ष-अक्षाची, जिथे य शून्य असतो. इथे अ = २, ब = −५, क = −३ आहे, म्हणजे −ब = +५ आणि ब² = २५. कॅल्क्युलेटरवर −५ कंसाशिवाय टाकून वर्ग केलात तर बऱ्याच यंत्रांवर −२५ येतं. मग विवेचक, म्हणजे वर्गमुळाखालचं ब² − ४अक, येतो −२५ + २४ = −१, आणि 'मुळे वास्तव नाहीत' लिहून विद्यार्थी मोकळा! पण थांबा. अ धन आहे, म्हणजे आलेख वर उघडतो, आणि तो (०, −३) मधून, क्ष-अक्षाच्या खालून जातोय. मग त्याला दोन्ही बाजूंना अक्ष ओलांडावाच लागणार. अ आणि क यांची चिन्हं विरुद्ध असली की छेदबिंदू दोन असतातच. ही पडताळणी तोंडी होते, पण फार कमी जण करतात.

विवेचक २५ + २४ = ४९, म्हणून क्ष = (५ ± ७)/४. भागाकाराची रेघ ५ च्याही खाली हवी. बिंदू (३, ०) आणि (−१/२, ०). (०, ३) लिहिलंत तर गुण गेले.

य = −क्ष² + २क्ष + ३ मध्ये वेगळा सापळा आहे. मुळं काढायला सगळी चिन्हं बदलून क्ष² − २क्ष − ३ = ० केलं, ठीक; मुळं ३ आणि −१ तीच राहतात. पण त्याच ओळीवरून य-अक्षाचा बिंदू (०, −३) उचलू नका. तो मूळ समीकरणातून घ्यायचा: (०, ३).

क्ष² − ४क्ष = ० ला क्षने भागू नका, क्ष = ० हे मूळ हरवतं. क्ष सामाईक काढा.

विवेचक शून्य आला तर आलेख अक्षाला फक्त स्पर्श करतो, जसा य = क्ष² − ६क्ष + ९ चा (३, ०) पाशी. ऋण आला, तर क्ष-अक्षाला छेदतच नाही. पण म्हणून 'छेदबिंदू नाहीत' असं सरसकट लिहू नका: य = क्ष² + २क्ष + ५ चा विवेचक −१६ आहे, तरी य-अक्षावर (०, ५) आहेच.