किडनीच्या रुग्णाने ड जीवनसत्त्वाची पुडी घेण्याआधी

हाडं दुखली की मेडिकलमधून ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आणायची सवय निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत सगळीकडे आहे. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेल्या माणसाने मात्र तसं करू नये. उन्हातून किंवा गोळीतून मिळालेल्या ड जीवनसत्त्वावर आधी यकृतात आणि मग किडनीत प्रक्रिया होते, तेव्हाच ते आतड्यातून कॅल्शियम ओढू शकतं. किडनी थकली की ही शेवटची पायरी अडते. रक्तात फॉस्फरस साचतो, कॅल्शियम उतरतं आणि मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे आपलं संप्रेरक वाढवून हाडांतलं कॅल्शियम काढू लागतात.

म्हणून एकाच दिवशी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि पीटीएच तपासून घ्या. चिठ्ठीवर '२५-हायड्रॉक्सी' असं स्पष्ट लिहून घ्या. '१,२५' नावाची वेगळी आणि महाग तपासणी असते, तिच्यावरून साठा किती आहे ते कळत नाही. २५-हायड्रॉक्सीचा आकडा मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली आला तर कमतरता. अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमी पडलेल्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवून वाचतात. नाहीतर कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी वाटतं.

औषधं दोन प्रकारची, आणि घोटाळा इथेच होतो. पुडीतलं कोलेकॅल्सिफेरॉल साठा भरतं. ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅल्सिट्रिऑल गोळी मात्र किडनीचं काम झालेलं तयार रूप आहे. डायलिसिस नसलेल्यांना ती सरसकट देत नाहीत, पीटीएच खूप वाढून वाढतच राहिला तर देतात. मेडिकलमधल्या कॅल्शियमच्या कित्येक गोळ्यांत ड जीवनसत्त्व, कधी थेट कॅल्सिट्रिऑलही मिसळलेलं असतं. त्यामुळे घरातली सगळी पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली जाते, ही सगळ्यात धोकादायक चूक. गावच्या बाजाराचा वार ठरवून टाका: बाजाराच्या दिवशी, दुपारच्या भरपेट जेवणानंतर, एक. किती आठवडे ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं असावं. ६ लाखांचं इंजेक्शन स्वतःहून मागू नका. एकदा टोचलं की परत काढता येत नाही. उलट्या, बद्धकोष्ठता, फार तहान, गुंगी असं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी कॅल्शियम तपासा.

फॉस्फरस वाढल्यावर डॉक्टर देतात ती, अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी गोळी जेवताना, घासांसोबत घ्यायची. उपाशीपोटी घेतल्यास अन्नातला फॉस्फरस तसाच आत जातो.

सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात लागणारे किरण फार थोडे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळी हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा. खिडकीच्या काचेतून उपयोग नाही. घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांना आणि खानापूरच्या पावसाळ्यात कुणालाच हे पुरेसं मिळत नाही, त्यांनी तपासणी टाळू नये.

फॉस्फरस वाढला असेल तर पुडी दुधात न मिसळता पाण्यात घ्या; पेलाभर, म्हणजे २०० मिली दुधात सुमारे १९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. बेळगावचा कुंदा तर आटवलेलं दूधच, त्यामुळे सणालाही चमचाभरच. गडद रंगाचा कोला पूर्ण बंद: त्यात घातलेला फॉस्फरस डाळी-कडधान्यांतल्यापेक्षा कितीतरी जास्त अंगात शोषला जातो.