लीड्सला नव्याने येणाऱ्यांसाठी: मत, बस आणि गिटार

दर ऑगस्टमध्ये मला मिरज-सांगलीकडून फोन येतात. कुणाच्या मुलीला प्रवेश मिळालेला असतो, कुणाचा भाचा व्हिसाची वाट बघत असतो. प्रश्न ठरलेले असतात. कुकर आणू का? जॅकेट इथून घेऊ की तिथे? पार्ट-टाइम काम मिळतं का? मी सांगते की कुकर आणा, जॅकेट इथेच घ्या, आणि कामाच्या भरवशावर फीचं गणित मांडू नका. पण मला उत्तर इंग्लंडमधल्या या लीड्स गावात ज्या दोन गोष्टींनी धरून ठेवलं, त्यांच्याबद्दल कुणीच विचारत नाही. एक म्हणजे इथलं मत आणि दुसरी म्हणजे गुरुवारचा गिटारचा वर्ग. म्हणून हे लिहिते आहे.

मी ५ सप्टेंबर २०२२ ला मँचेस्टरला उतरले आणि तिथून रेल्वेने लीड्सला आले. वाहतूक नियोजनात एम.एस्सी. करायचं होतं. त्या दिवशी बोरिस जॉन्सन पंतप्रधान होते. दुसऱ्या दिवशी लिझ ट्रस आल्या. ८ तारखेला राणी एलिझाबेथ गेल्या. महिनाअखेरीच्या मिनी-बजेटनंतर पौंड डॉलरसमोर इतिहासातल्या नीचांकाला गेला. दिवाळीच्या दिवशी ऋषी सुनक सत्ताधारी पक्षाचे नेते झाले आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान. पन्नास दिवसांत तीन पंतप्रधान, एक राणी आणि एक राजा! घरी आई विचारायची, "तिकडे सगळं ठीक आहे ना गं?" कचऱ्याची गाडी वेळेवर येत होती, लेक्चर्स चालू होती, म्हणून मी "ठीक आहे" म्हणायचे. पण फीचा पुढचा हप्ता भरायचा होता आणि पौंड पडल्याने बाबांचे काही हजार रुपये वाचले होते. वेस्टमिन्स्टरमध्ये जे घडतं ते मिरजेच्या बँक खात्यापर्यंत पोचतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमच्या घरात आम्ही पाच जण राहायचो. लीड्सच्या हाइड पार्क भागातलं लाल विटांचं, शेजारच्या घराला भिंत लावून उभं असलेलं घर. त्यात एक इटालियन मुलगी होती, सात वर्षं इथे राहिलेली, इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. नोव्हेंबरमध्ये मतदार नोंदणीचं पत्र आलं तेव्हा ती म्हणाली, "तू नाव घाल, तुला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत आहे. मला नाही." माझा विश्वासच बसला नाही. मग वाचलं. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर व्हिसावर राहत असेल, वय १८ पूर्ण असेल, तर त्याला स्थानिक निवडणुकीपासून सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मत देता येतं. विद्यार्थी असला तरी. नागरिकत्व लागत नाही, कायमचा वास्तव्याचा परवाना लागत नाही. इटलीच्या नागरिकाला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत होतं, पार्लमेंटच्या नाही. सात वर्षं कर भरणारी ती आणि अडीच महिन्यांपूर्वी आलेली मी, स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलाशी बसलो होतो. हा हक्क वाया घालवायचा नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

नोंदणीला पाच मिनिटं लागतात. सरकारी संकेतस्थळावर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि असल्यास नॅशनल इन्शुरन्स नंबर भरायचा, बस. भीती वाटते ती व्हिसाची. पण हा हक्क कायद्यानेच दिलेला आहे, तो बजावण्यात लपवण्यासारखं काही नाही. शिवाय मतदार यादीत नाव असलं की पत्त्याची खातरजमा होते आणि मोबाईलचा करार किंवा बँकेचं कार्ड मिळणं सोपं जातं. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट त्यात चालतो. म्हणजे आपला निळा पासपोर्ट घेऊन जायचं. मतदान बहुतेक गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०. दोरीने बांधलेली पेन्सिल असते, चौकोनात फुली मारायची, कागद दुमडून पेटीत टाकायचा. बोटाला शाई लावत नाहीत. पहिल्यांदा बाहेर आल्यावर मी नकळत डाव्या हाताच्या तर्जनीकडे पाहिलं होतं.

मत दिलं नाही तरी नगरसेवक तुमचा असतोच, हेही लवकर शिका. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर काळी बुरशी धरली होती. घरमालकाला सहा ईमेल केल्या, प्रत्येक वेळी उत्तर आलं की खिडकी उघडी ठेवा. जानेवारीत. एकाच कुटुंबातली नसलेली पाच किंवा जास्त माणसं एका घरात राहत असतील तर मालकाला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो, हे मला विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराने सांगितलं. मग एका शनिवारी ग्रंथालयात नगरसेवकांना भेटायला गेले. अशा भेटीला इथे सर्जरी म्हणतात, त्यामुळे आधी मी डॉक्टरांच्या ठिकाणी जायचं समजत होते. नगरसेविका बाईंनी वहीत सगळं लिहून घेतलं, भिंतीचे फोटो मागितले, आणि दोन आठवड्यांनी कौन्सिलचा माणूस पाहणीला आला. मार्चमध्ये पंखा बसला. खासदारालाही असंच लिहिता येतं, फक्त पत्ता पूर्ण द्या. आपल्या मतदारसंघातल्या माणसालाच ते उत्तर देतात. इंग्लंडमधली आणखी एक गोष्ट: घराची अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही (वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर), आणि ती ३० दिवसांत अधिकृत योजनेत जमा करून त्याचा कागद तुम्हाला द्यावा लागतो. तो कागद मागून घ्या.

आता गिटार.

मी मिरजेची. आमच्या गल्लीच्या टोकाला तंतुवाद्यांचं दुकान आहे. शाळेतून येताना भोपळे उन्हात वाळत पडलेले दिसायचे, आत कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं असायचं. तार छेडायची, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस एकदा फिरवायची, परत छेडायची. मी स्वतः कधी काही वाजवलं नाही. लीड्समध्ये पहिल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता साडेचारला अंधार पडू लागण्याची चाहूल लागली आणि संध्याकाळ रिकामी वाटायला लागली. मायदेशी परतणाऱ्या एका विद्यार्थ्याची नायलॉन तारांची गिटार ४० पौंडांना मिळाली. चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारी प्रौढांचा वर्ग होता. मी गेले.

शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे. मी "सर" म्हटलं तर म्हणाले, इथे सर कुणी नाही, नावाने हाक मार. मला ते सहा महिने जमलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सूर वाजवायला दिलाच नाही. पायाखाली छोटं स्टूल, डावा पाय त्यावर, गिटार डाव्या मांडीवर, मान ताठ. मग उजव्या हाताची नखं बघितली. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिका, या चौघांची नखं बोटाच्या टोकापलीकडे जेमतेम दीड-दोन मिलिमीटर हवीत, करंगळी लागत नाही. कानशीने आकार द्यायचा आणि मग अगदी बारीक पॉलिश पेपरने कड इतकी गुळगुळीत करायची की नायलॉन मोज्यावरून फिरवली तरी धागा अडकू नये. नख खरखरीत असेल तर तार खरवडल्यासारखी बोलते. त्यांनी माझं नख घासलं, तीच तार पुन्हा छेडायला सांगितलं, आणि आवाज गोल झाला. मला मिरजेतली ती घोडीवरची कानस आठवली. इतक्या लांब येऊन मी तीच गोष्ट पाहत होते.

नखांची काळजी घ्या. माझं अनामिकेचं नख काळ्या कचरापेटीचं झाकण उचलताना मोडलं, आणि तीन आठवडे मी तीन बोटांवर वाजवलं. लीड्समध्ये काळी पेटी साध्या कचऱ्याची, हिरवी पुनर्वापराची. कुठली कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची याचं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात फ्रिजवर लावा.

आणि हिवाळ्यात वाद्याला जपा. त्या वर्षी वीज-गॅसचे दर इतके वाढले होते की सर्वसाधारण घराचं वार्षिक बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहावं म्हणून सरकारला दरांवर मर्यादा आणावी लागली होती. आम्ही हीटर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास लावायचो. बाहेर पाऊस असला तरी हीटरमुळे खोलीतली हवा कोरडी होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. गिटार रेडिएटरला टेकून ठेवलेली. जानेवारीत गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पडद्यांची (फ्रेट्सची) टोकं बोटाला टोचायला लागली, कारण लाकूड आकसलं होतं, धातू नाही. फेब्रुवारीत पुढच्या फळीला केसाएवढी चीर गेली. वर्गातल्या एका सुताराने आतून लाकडाची छोटी चकती चिकटवून ती धरली. तेव्हापासून गिटार पेटीत असते, भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज असतो, आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये राहते का ते एक स्वस्त मापक सांगतं.

इथल्या गिटारचा इतिहास कळला तेव्हा मला धीर आला. गिटारवादक ज्युलियन ब्रीम १९३३ मध्ये लंडनच्या बॅटर्सी भागात जन्मले. त्याच बॅटर्सीने अकरा वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवालांना पार्लमेंटमध्ये पाठवलं होतं. (दादाभाई नौरोजी तर त्याआधी तीस वर्षं, १८९२ मध्येच, फिन्सबरीतून निवडून आले होते.) ब्रीम रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेले तेव्हा तिथे गिटार शिकवतच नसत. ते पियानो आणि चेलो शिकले, गिटार आपली आपण वाजवत राहिले, आणि १९५१ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये बसून वाजवलं. पुढे संगीतकार बेंजामिन ब्रिटनने त्यांच्यासाठी रचना लिहिली. ज्या वाद्याला दारात जागा नव्हती त्याला त्यांनी या देशात घर मिळवून दिलं. पहिल्या हिवाळ्यात, नोकरीचे नकार येत असताना, ही गोष्ट मी मनाशी घट्ट धरून होते.

नोकरीबद्दल सांगते. ब्रिटनमध्ये राजकारण न वाचता नोकरी शोधू नका, निदान आमच्या क्षेत्रात तरी. माझा कोर्स संपला आणि ४ ऑक्टोबर २०२३ ला सुनक यांनी मँचेस्टरमध्ये भाषण करून एचएस-२ या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅमपासून मँचेस्टरपर्यंतचा टप्पा रद्द केला. लीड्सकडे येणारा फाटा तर २०२१ मध्येच गेला होता. पुढच्या आठवड्यात माझी एक मुलाखत होती, ती रद्द झाली. कंपनीचा दोष नव्हता, कामच उरलं नव्हतं. मी तीन दिवस गिटारला हात लावला नाही. मग बसून हिशेब केला की रेल्वेचा पैसा थांबला, तर या भागात पैसा कुठे वळेल? बसकडे. पश्चिम यॉर्कशरच्या महापौरांनी २०२२ मध्येच एकेरी भाडं २ पौंडांवर आणलं होतं, २०२३ च्या जानेवारीत सरकारने तेच इंग्लंडभर केलं, आणि बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणायची चर्चा जोरात होती. मी कौन्सिलची आणि महापौर कार्यालयाची कागदपत्रं वाचून काढली. फेब्रुवारीत मुलाखतीत बसवर बोलले, आणि शेवटी "कामाबाहेर काय करता?" या प्रश्नावर गुरुवारच्या वर्गाबद्दल. नोकरी मिळाली. मार्च २०२४ मध्ये बसचा तो निर्णयही झाला.

एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली. नव्याने नोकरीत शिरणाऱ्यांना सवलत होती, म्हणून मी वाचले. माझा वर्गमित्र परत गेला. हे नियम सारखे बदलतात, तेव्हा मागच्या वर्षी आलेल्या ताई-दादांच्या सांगण्यावर विसंबू नका, सरकारी पान स्वतः उघडून वाचा.

लोकांशी राजकारणावर बोलायचं तर "तुम्ही कुणाला मत दिलं?" असं विचारू नका. इथे तो फार खासगी प्रश्न आहे. बसबद्दल विचारा, डॉक्टरच्या अपॉइंटमेंटबद्दल विचारा. माणसं आपोआप मन मोकळं करतात. आमच्या वर्गात निवृत्त नर्स होती. डिसेंबर २०२२ मध्ये परिचारिकांनी संप केला तेव्हा ती कडाक्याच्या थंडीत त्यांना चहा घेऊन गेली. ३० वर्षांच्या नोकरीबद्दल तिने गिटारला तारा चढवता चढवता जे सांगितलं, ते मला कुठल्याच बातमीत मिळालं नसतं.

४ जुलै २०२४ ची सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी आली. आमचा वर्गाचा हॉल हेच मतदान केंद्र होतं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी निळा पासपोर्ट घेऊन रांगेत उभी होते. पुढे एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले होते. अधिकारी बाईंनी पासपोर्ट पाहिला, यादीत नाव शोधलं, माझं आडनाव दोनदा म्हणून बरोबर उच्चारलं आणि कागद हातात दिला. बाबांचा मिरजेहून संदेश आला, "दिलंस का मत?" त्यांना माझ्याहून जास्त आनंद झाला होता.

संध्याकाळी वर्ग हॉलमागच्या छोट्या खोलीत भरला. मी स्पॅनिश गिटारवादक तारेगाची लाग्रिमा वाजवत होते, जेमतेम एका पानाची रचना. लंडनच्या धुक्याला आणि एकटेपणाला कंटाळून त्यांनी ती लिहिली, अशी आठवण गिटारवाले सांगतात. माझी बोटं मधल्या माइनर, म्हणजे उदास सुरांच्या, भागात नेहमी अडायची. भिंतीपलीकडे माणसं येत होती, दार उघडत-मिटत होतं. मी थांबले तर शिकवणारे म्हणाले, "थांबू नकोस, त्यांना ऐकू येत नाही. आणि येऊ दे की. माइनरपासून परत घे, जरा सावकाश."